टिश्यूचं पाकीट आणि ड्रायव्हरचा मुलगा

रिकामी खुर्ची दिसली की आमच्या संजीवचा हात आपोआप खिशात जातो. खिशात टिश्यूचं पाकीट असतं. ते खुर्चीवर ठेवलं की मगच त्याचा जीव भांड्यात पडतो.

सिंगापुरात नवीन आलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागतं. इथे हॉकर सेंटर असतात, म्हणजे चारी बाजूंनी खाण्याचे स्टॉल आणि मध्ये टेबलं-खुर्च्या. दुपारी बाराला जावं तर निम्म्या खुर्च्या रिकाम्या, पण प्रत्येकीवर टिश्यूचं एक पाकीट. ते पाकीट म्हणजे तिथे माणूस बसलेला आहे असं समजायचं. त्याला ‘चोप’ करणं म्हणतात. पहिल्या वर्षी मी असंच एक पाकीट उचललं, फाडलं आणि नाक पुसलं. वर मान करते तर एक चिनी बाई नूडल्सचा ट्रे घेऊन माझ्यापुढे उभी, आणि चेहरा असा की जणू मी तिच्या सासूबाईंनाच फाडून नाक पुसलंय.

पण संजीव हे सिंगापुरात येऊन शिकला असं कुणी म्हणू नये. फलटणच्या एसटी स्टँडवर गाडी लागायच्या आधी खिडकीतून रुमाल टाकून जागा धरण्यात त्याचा हात कुणी धरलेला नाही. गल्लीतल्या बायका लग्नाला जायच्या तेव्हा आपापले रुमाल त्याच्याकडे आणून द्यायच्या. खिडकी उंच असली तर त्यालाच उचलून आत टाकायच्या.

आता गंमत बघा. ह्या मुलाचे वडील एसटीचे ड्रायव्हर. एकतीस वर्षं फलटण डेपोला. पण ह्यांनी आमच्यासाठी एक जागा कधी राखली नाही. “गाडी काय माझ्या बापाची आहे?” म्हणायचे. मी ह्यांच्याच गाडीत दोन पोती आणि एक कोंबडा यांच्यामध्ये उभी राहून सासवडपर्यंत गेलेली आहे, आणि ह्यांनी आरशातून माझ्याकडे अशा नजरेने बघितलंय की तिकीट काढलंय ना या बाईने.

तर संजीव शिकला, पुण्याला राहून सीए झाला, सिंगापूरच्या बँकेत लागला, तिथलाच कायमचा रहिवासी झाला. क्लेमेंटीला अकराव्या मजल्यावर त्याचा फ्लॅट. बायको अनघा, तासगावची. मुलगी क्षिप्रा, तेव्हा बारा वर्षांची. हे गेल्यावर मी त्यांच्याकडे आले. रोज सकाळी संजीव ठरलेल्या वेळी निघतो, एमआरटीच्या, म्हणजे इथल्या मेट्रोच्या, ठरलेल्या दाराशी उभा राहतो, ठरलेल्या वेळी घरी येतो. सिंगापुरात गाडी ठेवणं म्हणजे हत्ती पाळणं, म्हणून गाडी नाही. लायसन्स मात्र आहे. अकरा वर्षं पाकिटात गणपतीच्या फोटोमागे ठेवलेलं. फोटोचा रंग उडाला, लायसन्स कोरं करकरीत.

आणि तोंडात एकच वाक्य. टॅक्सीत बसला की उजवा पाय जमिनीवर दाबत म्हणणार, “अंकल, आता ब्रेक मारायला हवा होता. मला कळतं. मी ड्रायव्हरचा मुलगा आहे.” बस जरा डुलली की, “बाबा असते तर पाणी हललं नसतं. घाट एका हाताने उतरवायचे. गाडी मागे घ्यायचे तेव्हा नुसता आरशात डोळा, बस!”

मी काही बोलत नसे. आपल्या बापाला मूल मोठं करतंय, करू दे.

ही गोष्ट दोन हजार सातची. पुंगोलला राहणारा संजीवचा मित्र सुबोध युरोपात जाऊन आला होता. झोपायला गाद्या, स्वयंपाकाला गॅस, संडास, सगळं पोटात असलेली मोठी मोटार भाड्याने घ्यायची, आपणच चालवायची, वाटेल त्या गावात थांबायचं. मोटरहोम म्हणतात. सुबोधने फोटो दाखवले आणि संजीवच्या डोळ्यांत मला फलटणचा स्टँड दिसला.

रविवारी क्लेमेंटीच्या हॉकर सेंटरमध्ये आम्ही चौघं डोसा खात होतो. संजीव म्हणाला, “जूनच्या सुट्टीत जाऊ. जर्मनीत गाडी घेऊ, फ्रान्समध्ये शिरू, जुनी गावं, किल्ले, सगळं बघू. दहा दिवस. मी चालवणार.”

क्षिप्रा म्हणाली, “बाबा, यू कॅन नॉट लाह. तिकडे राइट साइडने चालवतात.”

“मी ड्रायव्हरचा मुलगा आहे.”

अनघाने डोसा खाली ठेवला. ही पोरगी सोळाव्या वर्षी बापाचा टेम्पो द्राक्षांच्या पेट्या भरून बागेतल्या बांधावरून काढायची. लग्नानंतर तिने ते एकदाच, सिंगापूरचं लायसन्स काढलं तेव्हा, सांगितलं होतं, आणि संजीवने टीव्हीचा आवाज वाढवला होता.

ती म्हणाली, “चालव. दहा दिवस तूच चालव. पण एकदा जरी स्टिअरिंग माझ्याकडे आलं, तर ‘ड्रायव्हरचा मुलगा’ हे शब्द ह्या घरात पुन्हा काढायचे नाहीत.”

“कबूल.”

“टॅक्सीतसुद्धा नाही.”

इथे त्याने आधी चटणी संपवली. मग म्हणाला, “टॅक्सीतसुद्धा नाही.”

क्षिप्राने ते फ्रीजवरच्या कॅलेंडरवर लिहून ठेवलं आणि खाली बापाची सही घेतली. बँकेत माणूस एवढ्या सह्या करतो, पण ही करण्याआधी त्याने मजकूर दोनदा वाचला.

जर्मनीत ती गाडी बघितली आणि मी दोन पावलं मागे सरकले. मोटार कसली, बिऱ्हाडच होतं ते. ड्रायव्हरच्या डोक्यावरसुद्धा एक माडी पुढे आलेली, त्यात क्षिप्राची गादी. मागे आमची सोय. मध्ये टेबल, शेगडी, आणि कपाटाएवढा संडास. त्याची खालची पेटी रोज ओढून काढून ठरल्या जागी रिकामी करायची. संजीवने सगळ्या कामांची वाटणी कागदावर केली होती, त्यात ह्या कामापुढे कुणाचंच नाव नव्हतं. “ज्याची पैज त्याची पेटी,” अनघा म्हणाली. मिटलं.

पहिल्या दिवशी संजीव असा चालवत होता की आम्हाला सायकलवाल्यांनी मागे टाकलं. एका सायकलवर मागे कुत्रं बसलेलं होतं, त्याने वळून बघितलं. संजीवचे दोन्ही हात स्टिअरिंगवर, खांदे कानाला टेकलेले, आणि तोंडाने जप, “उजवीकडून, उजवीकडून, उजवीकडून.” काचेवर एक यंत्र चिकटवलेलं, त्यात एक बाई रस्ता सांगत होती. एवढ्या शांतपणे बोलणारी बाई ह्या घरात प्रथमच आली. संजीव चुकला की ती म्हणे, शक्य होईल तेव्हा मागे वळा. त्यात राग नाही, टोमणा नाही.

“शिका तिच्याकडून काहीतरी,” संजीव म्हणाला.

“तिला काय होतंय,” अनघा म्हणाली. “ती कुठे गाडीत बसलीय?”

पण काही म्हणा, पोराने चालवली. हायडेलबर्गचा किल्ला बघितला. निम्मा पडलेला आहे आणि तो तसाच पडलेला राहावा म्हणून माणसं ठेवलीयत. स्ट्रासबर्गचं मोठं देऊळ बघितलं. आत एक घड्याळ आहे दोन-तीन मजल्यांएवढं, त्यात बाहुल्या फिरतात आणि कोंबडा आरवतो. ते बघायला माणसांची ही गर्दी. संजीवने तिथल्या बाकावर सवयीने टिश्यूचं पाकीट ठेवलं. परत आलो तर त्यावर एक जाडे गृहस्थ बसले होते. त्यांना कळलंही नाही. पाकीट चपटं झालं होतं, संजीवने ते तसंच परत घेतलं.

रात्री मुक्कामाच्या मैदानात मी कुकर लावला. कुकर सिंगापूरहून नेला होता, डाळीशिवाय माझं चालत नाही. तिसऱ्या शिट्टीला शेजारच्या गाडीतले आजोबा पायजम्यावर बाहेर आले आणि दोन्हीकडे बघू लागले, गाडी कुठल्या रुळावरून येतेय म्हणून. अनघाने त्यांना वरण-भात दिला. ते दुसऱ्या दिवशी शिट्टीच्या आधीच खुर्ची घेऊन आले.

सहा दिवस असे गेले. सहा दिवसांत अनघाने स्टिअरिंगला हात लावला नाही, पण वळणावर तिचा डावा पाय क्लच दाबायचा ते मला मागून दिसायचं. संजीवचे खांदे आता कानांपासून जरा खाली आले होते. सातव्या दिवशी सकाळी तर तो शीळ घालत होता. म्हणाला, “आता चारच दिवस राहिले. आई, शेवटी रक्त बोलतं.”

त्या सातव्या दिवशीच्या गावाचं नाव मला येत नाही. क्षिप्राने तीनदा सांगितलं, नाक शिंकरल्यासारखं काहीतरी आहे. चारी बाजूंना द्राक्षांच्या बागा. अनघा उतरून घडांना हात लावून आली, म्हणाली, “विरळणी बरी केलीय, घड दाटू दिले नाहीत.” बागांच्या मध्ये ते गाव, भोवती जुना तट, एक वेस आणि आत लाकडी पट्ट्यांची रंगीत घरं. सगळी वाकडी. आपल्याकडे असती तर नगरपालिकेने नोटीस चिकटवली असती. इथे लोक पैसे खर्चून लांबून बघायला येतात. घरांवर करकोच्यांची घरटी, एकेक टोपलीएवढं.

गावाबाहेर अक्रोडाच्या झाडाखाली आमच्यासारख्या मोठ्या गाड्यांना चार जागा आखलेल्या होत्या. तीन भरलेल्या. एक रिकामी. संजीवचा चेहरा उजळला. पण संडासाची पेटी भरलेली, आणि ती ओतायची जागा मैदानाच्या पार दुसऱ्या टोकाला. आधी तिकडे जाऊन यायला हवं होतं.

“मी इथे उभी राहते,” अनघा म्हणाली.

“कशाला?” संजीव म्हणाला. उतरला, रिकाम्या जागेच्या बरोब्बर मध्यभागी टिश्यूचं पाकीट ठेवलं, उडू नये म्हणून वर दगड ठेवला, आणि दोन पावलं मागे जाऊन सरळ आहे का ते बघितलं.

पंधरा मिनिटांनी परत आलो तर तिथे पांढरीशुभ्र, आमच्या दीडपट गाडी उभी. अर्ध्या चड्डीतले एक म्हातारे जर्मन गृहस्थ आमच्याकडेच धावत आले. एका हातात टिश्यूचं पाकीट. काहीतरी खूप प्रेमाने बोलले आणि दोन्ही हातांनी ते संजीवला दिलं. तुमचं पडलं होतं म्हणून. मागून त्यांची बायको दगड घेऊन आली. तोही आमचाच असेल असं वाटलं बिचारीला.

संजीव म्हणाला, “थँक यू.” दुसरं काय म्हणणार?

क्षिप्रा वरच्या माडीत उशीत तोंड घालून हसत होती. अनघा खिडकीबाहेर बघत म्हणाली, “रुमाल टाकायला हवा होता.”

झालं. संजीवचं डोकं फिरलं. त्याने काचेवरच्या बाईला दुसरी पार्किंगची जागा विचारली. बाईने वेशीकडे जायला सांगितलं. वेस उंच होती, आम्ही आत गेलो. गल्ली सुरुवातीला बरी होती. मग जरा बारीक झाली. मग दोन्ही बाजूंच्या खिडक्यांतली फुलं आत आली. मी खिडकीतून एका आजीबाईंच्या टेबलावरचा नाश्ता बघितला. उकडलेलं अंडं होतं. पुढे तर घरांचे वरचे मजले खालच्यांपेक्षा पुढे आलेले, समोरासमोरच्या माड्या एकमेकींच्या कानात बोलत असाव्यात तशा. आणि आमच्या गाडीलाही डोक्यावर माडी!

“थांब!” मी ओरडले.

गाडी थांबली. पुढे जाता येईना, दारं पुरती उघडेनात. तेवढ्यात ती बाई तशाच शांत आवाजात म्हणाली, आपण पोहोचला आहात.

मागून एक पाववाल्याची छोटी गाडी आली आणि भोंगा वाजवू लागली. खिडक्या उघडल्या. माणसं आली. त्या अंडंवाल्या आजीबाई रुमालाला तोंड पुसत आल्या. जो तो हातवारे करतोय, कुणी म्हणतंय पुढे, कुणी म्हणतंय मागे, कुणी म्हणतंय वर. पाववाला निमूट मागे गेला, त्याला सवय असणार. आता उरलो आम्ही. वेशीपर्यंत शंभर पावलं, तीही उलटी.

संजीवने गिअर टाकला. आरशात बघितलं. गाडी दोन वीत मागे गेली आणि कचकन थांबली. एक कुंडी हलली, सगळी गल्ली “ओऽऽ” म्हणाली. पुन्हा दोन वीत. पुन्हा “ओऽऽ”. त्याच्या मानेवरून घाम ओघळत होता. त्याने इंजिन बंद केलं. किल्ली काढली. फटीतून कसाबसा अंग चोरून खाली उतरला आणि अनघाच्या बाजूला आला.

“अनघा,” तो म्हणाला, “तू घे.”

एवढंच म्हणाला. अनघा हसली नाही, हे मी मुद्दाम लिहिते. तिने क्षिप्राकडे असं बघितलं की क्षिप्राही हसली नाही. चाळिशी उलटलेला माझा मुलगा किल्ली पुढे करून उभा होता, आणि एसटी स्टँडवर टाकलेला रुमाल कुणीतरी खाली फेकून दिल्यावर जसा दिसायचा, तसा दिसत होता.

मी मागचं दार ढकललं आणि उतरले. अंगावर पाचवारी, पायात मोजे आणि अनघाचे बूट.

“संज्या,” मी म्हटलं, “परत बस.”

“आई, नाही जमत. बाबांना जमायचं नुसतं आरशात बघून, मला...”

“कुणी सांगितलं तुला आरशात बघून?”

“मी बघितलंय ना! बाबा गाडी मागे घ्यायचे तेव्हा...”

“तू खिडकीतून रुमाल टाकत होतास. तुझं लक्ष जागेवर. मागे कोण उभं असायचं ते बघितलंस कधी?” मी म्हटलं. “एकतीस वर्षांत ह्यांनी गाडी एकट्याने एक हात मागे घेतली नाही. कंडक्टर उतरायचा, मागे जाऊन पत्र्यावर थापा मारायचा, तेव्हा हे हलायचे. एकदा कंडक्टर चहाला गेला, तर गाडी अर्धा तास तशीच उभी. माणसं शिव्या घालतायत आणि हे शेंगा खातायत. म्हणायचे, आरसा म्हणजे आरसा, माणूस म्हणजे माणूस.”

संजीवने पुढे केलेली किल्ली मुठीत घेतली. “तू इतकी वर्षं बोलली नाहीस.”

“तू विचारलं नाहीस. बस आता. मी आहे मागे. एक थाप म्हणजे थांब. दोन म्हणजे चल.”

अनघा उतरली आणि पुढच्या कोपऱ्याशी, त्या माडीखाली उभी राहिली. क्षिप्राला वेशीत उभं केलं, कुणी आत येऊ नये म्हणून. मी पदर खोचला आणि मागे गेले. पत्र्यावर दोन थापा. धप, धप.

“येऊ दे! येऊ दे, येऊ दे, येऊ दे...”

गाडी हलली. मला सांगा, एसटी ड्रायव्हरच्या बायकोला हे शिकवावं लागतं का? आयुष्यभर तेच ऐकलंय. “येऊ दे, येऊ दे, डावीकडे जरा, डावीकडे तोड, अरे तुझी डावी! येऊ दे, येऊ दे... बास!” धप. कुंडीत आणि गाडीत चार बोटं. अंडंवाल्या आजीबाई पुढे आल्या, आपली कुंडी पोटाशी धरली आणि मला मान हलवून दाखवली. धप, धप. “येऊ दे!”

तिसऱ्या खेपेला आजीबाई म्हणाल्या, “येउदे.” मग त्यांच्यामागचे मिशीवाले म्हणाले, “येउदे, येउदे.” आणि मग अर्धं गाव, हात हलवत, सुरात. काय बोलतोय ते त्यांना ठाऊक नव्हतं, पण अर्थ बरोबर लागला होता. “बास” मात्र मी कुणाला म्हणू दिलं नाही. ते माझ्याकडेच ठेवलं.

वेशीबाहेर गाडी निघाली तेव्हा टाळ्या वाजल्या. एक ओरखडा नाही. पाववाल्याने एक लांबलचक पाव मला दिला, माझ्या हातात तो कंडक्टरच्या पेटीसारखाच शोभला असेल. आजीबाईंनी माझ्या दोन्ही गालांना गाल लावले. वर्षभरात माझ्या सख्ख्या बहिणीने लावले नाहीत.

संजीव खाली उतरला. गाडीला एक फेरी मारली, सगळीकडे हात फिरवून बघितला. मग अनघाकडे गेला आणि पुन्हा किल्ली पुढे केली.

“आता कशाला?” अनघा म्हणाली. “निघाली ना! तू दिली होतीस, मी घेतली नव्हती. तुझी पैज अजून आहे. कॅलेंडरवर तसंच लिहिलंय.”

“माहितीये. तरी घे,” संजीव म्हणाला. “सहा दिवस मी फक्त पांढरा पट्टा बघितलाय. वाटेतले किल्ले कुठल्या बाजूला होते तेही मला माहीत नाही. मला खिडकीशी बसायचंय. आणि तुला त्या बागांमधून चालवायचीय, तुझा पाय मला दिसतो.”

अनघाने किल्ली घेतली. इतक्या पटकन घेतली की जणू ती परत जाईल.

क्षिप्रा म्हणाली, “सो, बाबा लॉस्ट! नो मोअर ‘ड्रायव्हरचा मुलगा’.”

“नाही म्हणणार,” संजीव माझ्या शेजारी येऊन बसला. “शब्द म्हणजे शब्द. आजपासून मी कंडक्टरणीचा मुलगा.”

अनघाने गाडी काढली. द्राक्षांच्या ओळींमधून, उतारावरून, वळणांवरून. काय सांगू, माझ्या हातातल्या पेल्यातलं पाणी हललं नाही. डावीकडे डोंगरावर एक किल्ला आला, सुबोधच्या फोटोतला. “संज्या, बघ, बघ,” मी म्हटलं. संजीव खिडकीला डोकं टेकून, तोंड उघडं टाकून झोपला होता. फलटणहून पुण्याला जाताना वडिलांच्या गाडीत अगदी असाच झोपायचा. मी उठवलं नाही. किल्ले काय, पडून आहेत तिथेच.

दुपारी पेट्रोलला थांबलो. संजीव जागा झाला, डोळे चोळले, खांदे झटकले, आणि पुढे सरकला. म्हणाला, “चल, आता मी घेतो थोडा वेळ.”

आम्ही दोघांनी पुढे वाकून बघितलं. अनघा हात धुवायला गेली होती. ड्रायव्हरच्या सीटवर, बरोब्बर मध्यभागी, टिश्यूचं पाकीट ठेवलेलं होतं. उडू नये म्हणून वर दगड.

संजीव त्याच्याकडे बघत उभा राहिला. मग परत येऊन माझ्या शेजारी बसला. चोप केलेली जागा घेत नाहीत. तेवढं वळण आहे त्याला.